छोट्या मोटारीच्या रंगाला पॉलिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्वचे स्पूल, म्हणजे आत सरकणारे दांडे, लॅपिंग करण्यात, म्हणजे पेस्टनं बारीक घासण्यात माझी बावीस वर्षं गेली. घरी आल्यावर १/२४ मापाच्या प्लास्टिकच्या गाड्या जोडतो आणि रंगवतो. रविवारी अनगोळच्या घरी चार-पाच जण आपापली बॉडी कागदात गुंडाळून घेऊन येतात. कुणी निपाणीहून येतो, कुणी खानापूरहून. त्यांचे प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

स्प्रेचा रंग मुळातच चमकदार येतो की. मग पॉलिश कशाला करायचं?

गाडीचा टप ट्यूबलाइटखाली धरा आणि रंगाकडं न बघता टपात दिसणाऱ्या ट्यूबकडं बघा. ट्यूबची कड सरळ रेघेसारखी दिसली तर पॉलिशची गरज नाही, गाडी कपाटात ठेवा. बहुतेक वेळा ती कड थरथरते, विहिरीच्या पाण्यात पडलेल्या दिव्यासारखी. रंग चमकतो, पण सपाट नसतो. संत्र्याच्या सालीवर असतात तशा बारीक उंच-सखल जागा त्यात राहतात, कारण स्प्रेचे थेंब एकमेकांत पूर्ण मिसळायच्या आधीच थिनर उडून जातो.

आता मापाचा हिशेब करा. गाडी १/२४ असेल तर तिच्यावरची एक मिलिमीटरची लाट खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटरची होते. रंगात अडकलेला ०.१ मिलिमीटरचा धुळीचा कण खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा, म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढा. बॉनेटवर बाजरी चिकटलेली गाडी शोरूममधून कुणी बाहेर काढेल का? डोळ्याला हा हिशेब मांडता येत नाही, पण त्याला तो बरोबर जाणवतो. फोटोत गाडी "खेळण्यासारखी" दिसते ती याच कारणानं.

पॉलिश केल्यावर रंगाला नेमकं होतं काय?

या प्रश्नाचं उत्तर ज्याला पटलं त्याची निम्मी गाडी झाली, असं मी मानतो. म्हणून इथं जरा थांबतो.

बऱ्याच जणांना वाटतं की पॉलिश कंपाउंडच्या ट्यूबमधलं पांढरं मलम चमक "लावतं". चमक लावता येत नाही. पृष्ठभाग सपाट असला की उजेड एका दिशेनं परत येतो आणि त्याला आपण चमक म्हणतो. ओरखडे असले की तोच उजेड विस्कटतो आणि रंग मळका दिसतो. पॉलिश म्हणजे मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागी लहान ओरखडे आणायचे, मग ते काढून त्याहून लहान आणायचे. दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ओरखडे त्या मापाच्या खाली गेले की डोळ्याला ते दिसायचे बंद होतात. ओरखडा तेव्हाही असतो.

कारखान्यात स्पूल लॅप करताना हेच करायचो. स्पूल आणि तो ज्या भोकात सरकतो त्या बोअरमधली फट काही मायक्रॉनची असते. पेस्ट बदलली की आधीच्या पेस्टची एकसुद्धा रेघ मागं राहू द्यायची नाही, हा माझ्या उस्तादांचा नियम होता. ते स्पूल खिडकीपाशी नेऊन तिरपा धरायचे आणि एक रेघ दिसली तर काही न बोलता परत माझ्या हातात द्यायचे. गाडीच्या बॉडीलाही मी तोच नियम लावतो. प्रत्येक पायरीचं काम एकच, मागच्या पायरीच्या खुणा पुसणं. २००० नंबरच्या पॉलिश पेपरची रेघ तुम्ही त्याहून बारीक २५०० ला सोडलीत तर शेवटच्या पॉलिशनं ती जात नाही. उलट बाकीचा रंग चमकायला लागला की ती जास्त उठून दिसते.

रंग मारल्यावर किती दिवस थांबायचं?

बोटाला लागला नाही म्हणजे रंग वाळला, असं समजू नका. वरची साय धरते आणि आत थिनर असतो. लॅकर प्रकारच्या, म्हणजे नुसता थिनर उडून वाळणाऱ्या रंगाला मी उन्हाळ्यात किमान एक आठवडा देतो, हवा ओलसर असेल तर दोन. इनॅमलला तीन-चार आठवडे लागतात. खात्री करायची जुनी रीत म्हणजे वास. बॉडी प्लास्टिकच्या डब्यात घालून झाकण लावा, रात्रभर ठेवा, सकाळी झाकण उघडून नाक लावा. रंगाचा वास आला तर थिनर अजून निघतोय.

घाई केली तर काय होतं? आज सपाट केलेला रंग पुढच्या महिन्यात आत बसतो. खाली घासलेल्या प्लास्टिकच्या किंवा लांबीच्या (पुट्टीच्या) खुणा वर उमटतात आणि केलेलं पॉलिश वाया जातं.

कोणता रंग पॉलिश चांगलं घेतो?

लॅकर. तामिया या जपानी मॉडेल कंपनीचे टीएस स्प्रे, एलपी बाटल्या, तसंच मिस्टर कलर हे सगळे या जातीचे. ते कडक वाळतात आणि घासताना चुरा होतो, गोळा होत नाही. ऑटो पेंटच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरही पॉलिश छान घेतो, पण तो आणि त्याचा थिनर प्लास्टिकला खातात. चांगला प्रायमर मारून पहिले दोन-तीन हात अगदी धुक्यासारखे कोरडे मारावे लागतात.

आपल्याकडं म्हातारे पेंटर कुठल्याही गाडीच्या रंगाला "ड्युको" म्हणतात ना, तो शब्द इथूनच आला. ड्युको हे ड्युपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. १९२३ साली जनरल मोटर्सनं तो ओकलंड गाड्यांना वापरायला घेतला. त्याआधी एक गाडी रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे. तो लॅकर वाळल्यावर मंद दिसायचा, मग माणसं बसून हातानं रगडून त्याला चमक आणायची. "रबिंग कंपाउंड" हे नाव त्या काळातलं. तुम्ही टेबलावर करताय ते काम शंभर वर्षांपूर्वी कारखान्यात अख्ख्या गाडीवर व्हायचं.

दारं-खिडक्यांना लावतात तो डब्यातला सिंथेटिक इनॅमल स्वस्त पडतो म्हणून काही जण वापरतात. पूर्ण वाळल्यावर तो पॉलिश होतो, पण त्याच्यावर लॅकरचा क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारू नका. खालचा रंग सुरकुततो, पेंटरच्या भाषेत "उठतो", आणि मग सगळं खरवडून काढण्यावाचून इलाज राहत नाही. पाण्यातले क्राफ्ट रंग रबरासारखे असतात, पेपर लावला की वळ्या होतात. त्यांना थेट घासू नये. वर लॅकर क्लिअरचे थर द्यावेत आणि पॉलिश त्या थरांना करावं.

सामान काय लागतं? बेळगावात मिळतं का?

बरंचसं मिळतं. पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर २००० आणि २५०० नंबरचा ऑटो पेंटच्या दुकानात मिळतो, ३००० साठी जरा फिरावं लागतं. गाड्यांचं रबिंग कंपाउंड आणि त्याहून बारीक मशीन पॉलिशही तिथंच. मॉडेलसाठीचं तामियाचं कंपाउंड कोर्स, फाइन आणि फिनिश अशा तीन प्रकारांत येतं. ते ऑनलाइन मागवावं लागतं, पण एक ट्यूब वर्षानुवर्षं पुरते.

कापडाच्या बाबतीत मी हट्टी आहे. मऊ, न विणलेलं पॉलिशिंग कापड मिळालं तर उत्तम. नाहीतर खूप धुतलेलं सुती बनियन घ्या, शिवण आणि लेबल कापून टाका. आमच्या शहापूर-वडगावकडं विणकरांची घरं, त्यामुळं कापडाचे तुकडे फुकट मिळतात, पण नवं खळीचं कापड वापरू नका. खळ ओरखडे पाडते.

बाकी घरातलंच. भांड्याचा लिक्विड साबण, दातांचा मऊ ब्रश, लाकडी टूथपिक, खोडरबर आणि अर्धा इंची मास्किंग टेप. पाणी शक्यतो फिल्टरचं घ्या. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके ठेवतं आणि ते पुसताना पुन्हा घासलं जातं.

पेपरच्या नंबरांत गोंधळ होतो. माझा २००० आणि मित्राचा २००० सारखा का नाही?

कारण नंबर देण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. पेपरच्या पाठीमागं नंबराआधी इंग्रजी "पी" अक्षर असेल तर तो युरोपियन मोजणीचा. पी २००० मधला कण सुमारे १० मायक्रॉनचा, पी २५०० मधला सुमारे साडेआठ. जपानी मोजणीचा २००० याहून बारीक असतो, सात मायक्रॉनच्या आसपास. मायक्रोमेश नावाच्या घासायच्या मऊ गाद्यांचा हिशेब तिसराच. त्यांच्या संचात १५०० पासून १२००० पर्यंत नऊ पायऱ्या असतात, पण तिथला १५०० हा पॉलिश पेपरच्या १५०० पेक्षा बराच खरखरीत आहे. नुसता आकडा बघून तो कुणी रंगाला लावला तर रंग फाडतो. मायक्रोमेश वापरणार असाल तर ३६०० किंवा ४००० पासून सुरू करा आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे पेपर एका कामात मिसळू नका.

प्रत्यक्ष घासायचं कसं?

आधी बॉडीला आतून आधार द्या. पुढच्या काचेचे खांब काडीएवढे बारीक असतात, वरून दाब आला की मोडतात. पाण्याची प्लास्टिक बाटली आडवी कापून तिच्यावर जुना मोजा चढवा आणि बॉडी त्यावर बसवा. हातातल्या अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा.

पेपरचे दोन सेंटिमीटरचे तुकडे कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजत ठेवा. कोरड्या पेपरची कड ताठ असते आणि तीच रंगात घुसते. टप, बॉनेट अशा सपाट जागी तुकडा खोडरबराच्या पातळ कापावर गुंडाळा. गोलाईवर नुसत्या बोटाच्या पेरानं घासा. बोटाचं टोक लावलं तर दाब एका ठिपक्यावर येतो आणि तिथं खळगा पडतो.

गोल गोल फिरवू नका. गाडीच्या लांबीच्या दिशेनं सरळ, हलक्या हातानं, आठ-दहा वेळा. मग पाण्यात बुडवा, पुसा, पूर्ण कोरडं करा आणि तिरप्या उजेडात बघा. ओल्या रंगावर सगळंच चकचकीत दिसतं, म्हणून न वाळवता निर्णय घ्यायचा नाही.

आता जे दिसतं ते ओळखायला शिका. माझ्याकडं तामियाची १९६६ ची फोक्सवॅगन बीटल आहे, जेमतेम सतरा सेंटिमीटर लांब. तिच्या टपावर २००० चा पहिला फेरा झाल्यावर रंग दुधाळ, मंद झाला आणि त्यात बारीक चमकते ठिपके राहिले, खानापूरकडच्या भातशेतात पाणी उतरल्यावर खळग्यांत थोडं थोडं चमकत राहतं तसे. ते ठिपके म्हणजे सखल जागा, पेपर तिथंवर पोचलेलाच नाही. पुढच्या फेऱ्याला ठिपके लहान झाले, त्याच्या पुढच्याला मागच्या काचेच्या वर तीनच उरले. सगळा भाग एकसारखा मंद झाला की टप सपाट झाला. उरलेल्या तीन ठिपक्यांमागं लागून पूर्ण क्लिअर उडवायचा नसतो. एखादा खोल ठिपका राहिला तर राहू द्या, ट्यूबच्या रेघेत तो सापडतही नाही.

मग २५००. या वेळी आडव्या दिशेनं, म्हणजे आधीच्या रेघांना काटकोनात. उभ्या रेघा संपल्या की पायरी संपली, हे डोळ्यानं लगेच कळतं. मग ३००० परत उभा. प्रत्येक बदलाआधी पाणी बदला, बॉडी धुवा, हात धुवा. मागच्या पेपरचा एक कण पुढच्या पेपराखाली सापडला तर लांब वाकडा ओरखडा पडतो आणि दोन पायऱ्या मागं जावं लागतं.

मी हे करत बसलेला असताना आई मागून म्हणायची, "किती घासालायस रे, रंग जाईल की सगळा!" तिची भीती बरोबरच होती. पुढचा प्रश्न त्याचाच.

क्लिअर संपत आला हे कसं ओळखायचं?

पाण्याचा रंग बघा. क्लिअर घासला जातोय तोवर बोटाखालचं पाणी दुधासारखं पांढरट असतं. लाल गाडीच्या पाण्यात गुलाबी छटा दिसली की तत्क्षणी हात उचला. ज्या गाडीला क्लिअर मारलेलाच नाही तिच्या पाण्यात रंग येणारच, तिथं प्रायमरची छटा दिसायला लागते का ते बघायचं. पांढऱ्या कापडानं मधून मधून टिपलं तर छटा लवकर कळते.

जाडीचा अंदाजही असू द्या. खऱ्या गाडीवरचा सगळा रंग मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास असतो. आपल्या गाडीवर क्लिअरचे चार-पाच हात दिले तरी काही दशक मायक्रॉन मिळतात, माणसाच्या केसाएवढी जाडीसुद्धा नाही. पेपराचा एकेक कणच १० मायक्रॉनचा! म्हणून घासणार हे ठरलं असेल तर क्लिअर कमीत कमी चार हात मारा. फार जाडही नको, कारण दाराच्या फटी भरून जातात. रंगाच्या आधीच त्या फटी सुईनं थोड्या खोल करून घेतल्या तर पुढचं दुःख टळतं.

कडांवरचा रंग नेहमी जातो. काय चुकतं?

बहुधा तुमचं काही चुकत नाही, ओल्या रंगाचा तो स्वभाव आहे. धारेवर तो टिकत नाही, पृष्ठताणामुळं मागं ओढला जातो. त्यामुळं मडगार्डची कड, बॉनेटची घडी, दाराच्या फटीच्या दोन्ही बाजू इथं थर सगळ्यात पातळ असतो आणि पेपर सगळ्यात आधी तिथंच टेकतो.

त्याच बीटलचं डावं पुढचं मडगार्ड मी असं गमावलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते, २५०० चालू होता, आणि "एवढंच करून झोपतो" म्हणून मी कडेवरून दोन हात जास्त मारले. पुसलं तर मडगार्डच्या गोलाईवर केसाएवढी करडी रेघ. प्रायमर. क्रीम रंगावर ती करडी रेघ मला खोलीच्या पलीकडून दिसत होती. ती गाडी मी चार महिने हातात घेतली नाही.

तेव्हापासून पेपर हातात घेण्याआधी सगळ्या कडांवर मास्किंग टेपच्या दोन मिलिमीटरच्या पट्ट्या लावतो. सपाट जागा पूर्ण झाल्यावरच पट्ट्या काढतो. कडांना पेपर लावतच नाही, फक्त शेवटी कंपाउंडचे दोन-चार हलके हात. पट्टीमुळं राहिलेली पुसट सीमारेषा ३००० आणि कंपाउंडनं मिसळून जाते. उठावाची नावं, बॅज यांच्यावरही टेप.

रंग गेलाच तर दुरुस्त होतो का?

होतो. ब्रशनं ठिपका देऊ नका, तो कायम दिसतो. साबणानं धुऊन तेलकटपणा काढा. एका फटीपासून दुसऱ्या फटीपर्यंत अख्खा भाग, म्हणजे पूर्ण मडगार्ड किंवा पूर्ण दार, मोकळं ठेवून बाकी झाका. रंगाचे पातळ हात, मग क्लिअर, मग पुन्हा आठवडाभर वाट. फटीवर दोन रंगांची सीमा लपते. बीटलचं मडगार्ड असंच परत आलं.

मेटॅलिक रंग घासला तर चालतो?

नाही. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या रंगात आडव्या पसरलेल्या असतात. पेपर लागला की त्या कापल्या जातात आणि तिथं काळपट डाग पडतो. वर क्लिअर द्या आणि फक्त क्लिअर घासा. मेटॅलिकच्या थरात धुळीचा कण दिसला तर रंग पूर्ण वाळल्यावर तो कण टूथपिकनं उचला, त्यावर परत एक धुक्यासारखा हात द्या, मग क्लिअर.

डिकल लावलेल्या गाडीचं काय?

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रपट्टी, क्लिअरच्या खाली गेलं पाहिजे. पण पहिला क्लिअर ओला मारू नका. तामियाच्या टीएस-१३ क्लिअरसारखा जोरदार लॅकर डिकलला सुरकुत्या पाडतो. लांबून दोन कोरडे हात, त्यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर, मग हळूहळू जाड. डिकलची कड पायरीसारखी जाणवते. ती एका बैठकीत घासून काढायला गेलात तर डिकल फाटतं. क्लिअर, आठवडा, हलका २०००, परत क्लिअर, असं दोनदा केलं की पायरी बुडते.

कंपाउंड किती लावायचं, किती रगडायचं?

मसुराच्या दाण्याएवढं. त्याहून जास्त लावलं तर ते फक्त फटीत जाऊन बसतं. कापड बोटावर घट्ट गुंडाळा, थोडं ओलं करा, दोन-तीन सेंटिमीटरचा भाग घ्या आणि मध्यम दाबानं सुरुवात करा. कंपाउंड सुकत, पातळ होत जाईल तसा दाब कमी करा, कारण त्यातले कण घासता घासता फुटून बारीक होतात. कोर्सनं ३००० च्या रेघा गेल्या, ट्यूबची कड सरळ झाली, की धुवा. मग फाइन, नव्या कापडानं. मग फिनिश, पुन्हा नव्या कापडानं. प्रत्येक कंपाउंडचं कापड वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर नाव. घरातल्यांनी ती कापडं पुसायला घेऊ नयेत म्हणून मी त्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतो.

बोटाखाली ऊब जाणवली तर थांबा. रंग गरम झाला की मऊ होतो, कापड त्यात रुततं.

टूथपेस्ट किंवा पितळेचं पॉलिश चालेल का?

पांढरी टूथपेस्ट फाइन कंपाउंडच्या जवळपास काम करते, मीही सुरुवातीला तीच वापरली. पण प्रत्येक कंपनीच्या पेस्टमधला कण वेगळा आणि ती फटीत सिमेंटसारखी बसते. पितळेच्या भांड्यांचं पॉलिश मात्र नको. त्यात अमोनिया आणि द्रावक असतात, ते लॅकर मऊ करतात.

छोटं मशीन वापरलं तर वेळ वाचेल?

वाचतो आणि कधी कधी गाडीही जाते. हातातली साधी रोटरी मशिनं मिनिटाला हजारो फेरे घेतात. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि फिरती गादी एका जागी दोन सेकंद थांबली तर तेवढी उष्णता होते. ज्याला मशीन हवंच त्यानं आधी प्लास्टिकच्या चमच्यावर रंग मारून सराव करावा. मी हातानंच करतो. हाताला दाब कळतो.

दाराच्या फटीत पांढरं साचतं, ते कसं काढू?

कोमट पाण्यात साबण घालून बॉडी दहा मिनिटं बुडवा, मग मऊ ब्रश फटीच्या दिशेनं फिरवा. उरलेलं ओल्या टूथपिकच्या टोकानं. सुई घेऊ नका. कोरडं झाल्यावर फटीत पातळ केलेला काळा किंवा गडद तपकिरी इनॅमल सोडला की राहिलेला पांढरेपणा झाकला जातो आणि दार खरंच वेगळं दिसतं.

पावसाळ्यात आमच्याकडं काही वाळत नाही. चार महिने बंद ठेवायचं का?

स्प्रे बंद ठेवा, घासणं चालू ठेवा. आमचं बेळगाव जून ते सप्टेंबर ओलं असतं, आणि खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं तर भिंतीला हात लावला तरी ओल लागते. अशा हवेत लॅकर मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढरं धुकं धरतं. थोडं असेल तर कोरड्या दिवशी रिटार्डर, म्हणजे हळू उडणाऱ्या थिनरचा हलका हात मारल्यावर निघतं.

म्हणून माझं वर्ष असं चालतं. फेब्रुवारी ते मे रंग आणि क्लिअर, पावसाळ्यात पेपर आणि कंपाउंड. ओलं घासायला पावसाचं काही वावडं नाही. रंगवलेली बॉडी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. थंडीत सकाळी स्प्रेचा डबा जोर धरत नाही, तेव्हा तो कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवावा. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही, डबा फुटतो.

स्प्रे मारायची नीट जागा किंवा कॉम्प्रेसर नसेल तर गणपतीच्या मूर्ती रंगवणाऱ्या एखाद्या कारागिराशी ओळख काढा. त्यांचा गनवरचा हात आपल्यापेक्षा कितीतरी तयार असतो. मूर्तीच्या गालावर छटा कशी उतरवतात ते बघत मी दोन तास उभा राहिलो होतो आणि क्लिअर मारताना मनगट कसं सरळ ठेवायचं ते तिथं शिकलो. फक्त गणेश चतुर्थीच्या आधीच्या दोन महिन्यांत त्यांच्याकडं जाऊ नका.

शेवटी वॅक्स लावायचं का?

पॉलिश पूर्ण झालं असेल तर वॅक्सनं थोडी खोली येते आणि बोटांचे ठसे कमी उठतात. पण गाड्यांच्या बऱ्याच वॅक्समध्ये सिलिकॉन असतं. ते लागलेल्या बॉडीवर परत रंग मारायची वेळ आली तर रंग माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे धरून मागं सरकतो. काच, क्रोम, दिवे सगळं लावून झाल्यावरच वॅक्स.

टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा क्लिअर, काचेसारखा दिसतो म्हणतात. तो वापरू का?

दिसतो खरा, आणि पॉलिशही सुंदर घेतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसात गेलं तर दम्यासारखा त्रास कायमचा मागं लागू शकतो. योग्य कार्ट्रिजचा रेस्पिरेटर, हातमोजे, गॉगल आणि हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तरच. कापडी मास्कनं यातलं काहीच अडत नाही. घरात लहान मुलं असतील तर मी नको म्हणेन. साध्या लॅकरलासुद्धा खिडकी उघडी आणि वाफेचा मास्क हवाच.

धातूच्या डायकास्ट गाड्यांना हेच लागू पडतं का?

तुम्ही स्वतः रंगवलेली असेल तर सगळं लागू. कारखान्यातून आलेल्या रंगावर फक्त फाइन आणि फिनिश वापरा. छापलेल्या पट्ट्या आणि नावं बऱ्याचदा सगळ्यात वर असतात, दोन हातांत पुसली जातात. त्यांच्यावर आधी टेप.

एका गाडीला किती वेळ लागतो?

घासणं आणि कंपाउंड मिळून मला आठ ते दहा तास, तेही चार-पाच बैठकांत. एका बैठकीत टप आणि बॉनेट, दुसरीत दोन्ही बाजू, मग मागचा भाग. रात्री दहानंतर पेपर हातात घ्यायचा नाही, असं बीटलच्या मडगार्डनंतर ठरवलंय.

पॉलिश केलेल्या गाडीवर धूळ बसली की कशी पुसायची?

कोरड्या फडक्यानं कधीच नाही. आमच्याकडची तांबडी धूळ बारीक दिसते, पण ती पॉलिश पेपराचंच काम करते. कॅमेऱ्याच्या फुंकणीनं आधी हवा मारा, मग रुंद, मऊ मेकअपचा ब्रश टपापासून खाली एकाच दिशेनं. ठसा राहिला असेल तर तोंडाची वाफ सोडून धुतलेल्या मायक्रोफायबरनं नुसतं टिपा. आणि ब्रश वापरून झाला की दर वेळी खिडकीबाहेर झटका.